क्षमता, नियम आणि गुण : दहावीच्या मराठी परीक्षेतील 'भाषिक क्षमता' या संकल्पनेची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्राच्या शालेय मूल्यमापनात 'क्षमता' हा शब्द गेली तीन दशके केंद्रस्थानी आहे. मात्र क्षमता म्हणजे नेमके काय आणि परीक्षेतील गुण तिच्याविषयी काय सांगू शकतात, याची तात्त्विक तपासणी क्वचितच झाली. प्रस्तुत निबंधात दहावीच्या भाषा विषयांतील तोंडी परीक्षेचा २०१८ ते २०२१ या काळातील इतिहास आधाराला घेऊन, चॉम्स्की, विट्गेन्स्टाइन, राईल आणि न्यायदर्शन यांच्या साहाय्याने या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. तिवसा व परिसरातील वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात या प्रश्नाला जे सामाजिक परिमाण प्राप्त होते, त्याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : भाषिक क्षमता, नियमानुसरण, तोंडी परीक्षा, कृतिपत्रिका, वऱ्हाडी, प्रमाणभाषा.

प्रस्तावना

जून २०१९ मध्ये जाहीर झालेला दहावीचा निकाल महाराष्ट्राच्या दीर्घकाळ स्मरणात राहील असा होता. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. घट १२.३१ टक्क्यांची होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या अमरावती विभागीय मंडळाचा निकाल ८६.४९ वरून ७१.९८ टक्क्यांवर उतरला. या वर्षी दोन मोठे बदल एकाच वेळी झाले होते. दहावीचा नवा अभ्यासक्रम व त्यावर आधारित कृतिपत्रिका प्रथमच अमलात आली होती आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळास्तरावरील २० अंतर्गत गुण रद्द करण्यात आले होते. निकालानंतर उठलेल्या चर्चेची परिणती अशी झाली की २०१९-२० पासून हे २० गुण पुन्हा बहाल झाले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावण्यात आला आणि तो ९९.९५ टक्के होता.

या आकड्यांवरून घाईने कार्यकारणभाव मांडणे योग्य नव्हे. २०१९ ची घट केवळ अंतर्गत गुणांच्या अभावामुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला. २०२० मध्ये भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. तथापि या निबंधाचा विषय आकड्यांची कारणमीमांसा हा नाही. आकड्यांभोवती जी भाषा वापरली गेली, ती आहे. एका पक्षाने म्हटले, अंतर्गत गुण म्हणजे 'फुगवटा', तो काढताच मुलांची खरी क्षमता उघडी पडली. दुसऱ्या पक्षाने म्हटले, तोंडी परीक्षेविना मुलांची खरी क्षमता झाकली गेली. दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. ते असे की, विद्यार्थ्याच्या ठिकाणी 'खरी क्षमता' नावाची एक निश्चित राशी असते आणि परीक्षा हे तिचे कमी-अधिक अचूक माप असते. हे गृहीतक टिकते काय, हा येथील प्रश्न आहे.

१. 'क्षमता' शब्दाचा शालेय प्रवास

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दवे समितीच्या अहवालाने प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन पातळीची कल्पना मांडली. महाराष्ट्राने १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात ती 'क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम' या रूपात स्वीकारली. भाषेचे श्रवण, भाषण, वाचन, लेखन इत्यादी क्षेत्रांत विभाजन झाले आणि प्रत्येक क्षेत्रातील क्षमतांना क्रमांक मिळाले. शिक्षकांच्या टाचणवहीत 'आजची क्षमता' या रकान्यात केवळ क्रमांक लिहिण्याची पद्धत पुष्कळांच्या परिचयाची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले व 'आकारिक' आणि 'संकलित' हे शब्द रूढ झाले. २०१७ पासून 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द प्रचारात आला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३ चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी घोकंपट्टीऐवजी क्षमतांवर आधारित मूल्यमापनाचा आग्रह धरला.

या प्रवासातील हेतू प्रामाणिक होता. पाठांतराला शह देणे आणि 'मुलाला काय येते' हे विचारणे हा त्यामागील विचार स्वागतार्हच आहे. दोष निराळ्या ठिकाणी आहे. शब्द बदलत गेले, परंतु त्यांच्या तळाशी असलेली प्रतिमा बदलली नाही. ही प्रतिमा कोठाराची आहे. कोठारात किती धान्य आहे ते मोजावे, तशी मुलात किती क्षमता आहे ती मोजावी. पूर्वी कोठारात माहिती होती, आता क्षमता आली. मापारी तोच राहिला.

२. चॉम्स्कीची क्षमता आणि मंडळाची क्षमता

'भाषिक क्षमता' ही संज्ञा आधुनिक भाषाविज्ञानात स्थिर झाली ती नोम चॉम्स्की यांच्या १९६५ च्या वाक्यविचारविषयक ग्रंथामुळे. त्यांनी भाषकाचे भाषेविषयीचे अंतःस्थ ज्ञान म्हणजे 'क्षमता' आणि प्रत्यक्ष प्रसंगी होणारा भाषेचा वापर म्हणजे 'प्रयोग' असा भेद केला. विस्मरण, थकवा, लक्ष विचलित होणे यांमुळे प्रयोगात चुका होतात. त्यांवरून क्षमतेचा अभाव सिद्ध होत नाही. या अर्थाने पाहता तिवसा तालुक्यातील कोणतेही निरोगी मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच भाषिकदृष्ट्या सक्षम असते. त्याने पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये ते रचते व समजते. या क्षमतेत कोणी नापास होऊ शकत नाही आणि म्हणूनच तिची परीक्षाही घेता येत नाही.

परीक्षा मंडळाला अभिप्रेत असलेली क्षमता ही नव्हे, हे उघड आहे. डेल हाइम्स यांनी चॉम्स्कींवर घेतलेल्या आक्षेपातून 'संप्रेषणक्षमता' ही संकल्पना पुढे आली. केव्हा बोलावे, कोणाशी कसे बोलावे, कोणत्या प्रसंगी कोणते रूप योजावे, हे जाणणे म्हणजे ही क्षमता. पत्रलेखन, बातमीलेखन, सारांशलेखन, कथालेखन यांचा समावेश असलेला कृतिपत्रिकेतील उपयोजित लेखनाचा विभाग याच कल्पनेच्या जवळचा आहे. ऐंशी गुणांपैकी चोवीस गुण या विभागाला आहेत, हा या रचनेचा गुणविशेष मान्य केला पाहिजे.

गोंधळ होतो तो या दोन अर्थांच्या सरमिसळीतून. संप्रेषणक्षमता समाजसापेक्ष असते. कोणत्या समाजात, कोणाच्या मते योग्य, हा प्रश्न तिच्यात अनुस्यूत असतो. परंतु गुणपत्रिकेवरील आकडा वाचला जातो तो चॉम्स्कीच्या अर्थाने, म्हणजे मुलाच्या अंतरंगातील स्थायी धर्म म्हणून. 'या मुलाने प्रमाण मराठीतील औपचारिक पत्र अपेक्षेप्रमाणे लिहिले नाही' हे विधान पाहता पाहता 'या मुलाला मराठी येत नाही' असे होऊन बसते. पहिले विधान पडताळता येते. दुसरे त्यातून निष्पन्न होत नाही.

३. नियम अनुसरणे आणि 'स्वमत'

विट्गेन्स्टाइन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरकालीन ग्रंथात एक विद्यार्थी वारंवार भेटतो. दोन-दोन मिळवीत संख्यांची मालिका लिहिण्यास त्याला शिकविले आहे. हजारापर्यंत तो बरोबर लिहितो आणि पुढे १००४, १००८ असे लिहू लागतो. त्याला आधी नियम कळला होता काय? हजारापर्यंतचे त्याचे उत्तर आणि नियम कळलेल्या मुलाचे उत्तर यांत काहीच फरक नव्हता. यावरून विट्गेन्स्टाइन दाखवितात की, समजणे म्हणजे मनात घडलेली एखादी घटना नव्हे आणि नियमाचे सूत्र डोळ्यांपुढे असणेही नव्हे. नियम अनुसरणे ही एक रीत आहे. ती सामायिक व्यवहारात, अभ्यासाने व दुरुस्तीने घडते. एखाद्याला 'येते' असे आपण म्हणतो ते त्याच्या मनात डोकावून नव्हे, तर निरनिराळ्या प्रसंगी तो पुढे कसा जातो हे पाहून.

या दृष्टीने कृतिपत्रिकेतील 'स्वमत' हा प्रश्नप्रकार तपासण्याजोगा आहे. पाठातील विचाराबाबत विद्यार्थ्याने स्वतःचे मत मांडावे, ही अपेक्षा. बाजारातील मार्गदर्शकांत मात्र प्रत्येक पाठाचे 'स्वमत' तयार छापलेले असते आणि ते पाठ करून लिहिता येते. दोन उत्तरपत्रिकांत शब्दशः एकच मत आढळले, एक विचारपूर्वक बनलेले आणि एक घोकलेले, तर परीक्षकाने काय करावे? कागदावर फरक नाही. येथे क्षमता कागदामागे दडलेली आहे व अधिक चाणाक्ष परीक्षकाला ती दिसेल, असे मानणे व्यर्थ आहे. फरक दिसतो तो पुढच्या पावलाला. 'असे का वाटते?', 'तुझ्या गावात असे घडले तर?', 'याच्या उलट कोणी म्हटले तर?' हे प्रश्न विचारताच घोकलेले मत थांबते आणि बनलेले मत पुढे चालते. असे प्रश्न लेखी परीक्षेत विचारता येत नाहीत, कारण ते मुलाच्या उत्तरातूनच निर्माण होतात. तोंडी परीक्षेचे तात्त्विक समर्थन येथे आहे. तोंडी परीक्षा म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी दिलेला टेकू नव्हे. 'पुढे कसे जातो' हे पाहण्याची ती संधी आहे.

विट्गेन्स्टाइन यांना हा प्रश्न केवळ अभ्यासिकेत सुचला नव्हता, हेही नोंदविणे उचित होईल. १९२० ते १९२६ या काळात ते ऑस्ट्रियातील खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी मुलांकडून स्वतःचे शब्दकोश तयार करून घेतले आणि त्या अनुभवातून १९२६ मध्ये ग्रामीण शाळांसाठी शुद्धलेखनाचा छोटा कोश प्रसिद्ध केला. मुलांना मारहाण केल्याच्या प्रकरणानंतर त्यांनी नोकरी सोडली, ही त्या कारकिर्दीची काळी बाजूही विसरता येत नाही. परंतु शुद्धलेखनाचा कोश मुलांच्या वापरातील शब्दांपासून सुरू व्हावा, ही त्यांची दृष्टी आजही उपयुक्त आहे.

४. प्रवृत्ती आणि प्रकरण

गिल्बर्ट राईल यांनी १९४९ मध्ये 'काय आहे' याचे ज्ञान आणि 'कसे करावे' याचे ज्ञान असा भेद केला. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान ही एक अनेकमुखी प्रवृत्ती असते. काच ठिसूळ आहे हे ती एकदा फुटल्याने कळते. परंतु एखाद्याला शेती येते हे एका कृतीने कळत नाही. डवरणीची वेळ ओळखणे, पऱ्हाटीवरील कीड पानाच्या रंगावरून ताडणे, पाऊस लांबल्यास काय करावे हे ठरविणे, अशा अनेक आणि आधी न सांगता येणाऱ्या कृतींतून ते प्रकट होते. भाषा येणे हे या दुसऱ्या जातीचे आहे. तीन तासांची लेखी परीक्षा हा या प्रवृत्तीच्या प्रकटीकरणाचा एक प्रसंग होय. तो पुरावा म्हणून ग्राह्य आहे, पण तो म्हणजेच क्षमता नव्हे.

भारतीय परंपरेतील शाब्दबोधाची चर्चाही येथे साहाय्यक ठरते. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी आवश्यक असतात, असे नैयायिक मानतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे 'योग्यता' हा पदार्थांच्या परस्परसंबंधाचा धर्म आहे, वक्त्याचा नव्हे. विस्तवाने शिंपण्याची गोष्ट करणाऱ्या वाक्यात योग्यता नसते, कारण शिंपणे आणि विस्तव यांचा मेळ बसत नाही. यांच्या जोडीला तात्पर्यज्ञानही मानले जाते. 'सैंधव आण' असे म्हटल्यावर मीठ आणावे की घोडा, हे जेवणाचा प्रसंग आहे की प्रवासाचा, यावरून ठरते. अर्थ प्रकरणाधीन असतो.

परीक्षागृहाचे वैशिष्ट्य असे की तेथे सर्व प्रकरणे पुसून एकच प्रकरण उरते, ते म्हणजे परीक्षा. 'मुख्याध्यापकांना पत्र लिहा' या कृतीत मुख्याध्यापक नसतात, पत्र पोहोचणार नसते, उत्तर येणार नसते. विद्यार्थी वस्तुतः परीक्षकाला लिहीत असतो आणि त्याला हे ठाऊक असते. अशा लेखनातून प्रसंगानुसार भाषा योजण्याची क्षमता तपासली जाते, हा दावा म्हणूनच मर्यादेने करावा लागतो.

५. वऱ्हाडी बोलणारे मूल

वरील चर्चेला तिवस्यासारख्या गावी निश्चित रूप येते. येथील मुलाची घरची भाषा वऱ्हाडी आहे. 'मले', 'तुले' ही चतुर्थीची रूपे, 'पाऊस येऊन राहिला' ही चालू क्रियेची रचना, 'उद्या येजो' हे सौजन्यदर्शक आज्ञार्थी रूप, डोळ्याचा 'डोया' आणि पाण्याचे 'पानी' ही तिची काही लक्षणे. यांतील कोणतेही रूप यादृच्छिक नाही. 'येऊन राहिला' म्हणणारे मूल काळाचा नियम मोडत नसते; ते दुसरा नियम पाळत असते, आणि तोही चोख. नियम कळणे म्हणजे सामायिक रीतीत सहभागी होणे असे मानले, तर हे मूल नियमज्ञ आहे. उत्तरपत्रिकेत मात्र त्याचे वाक्य आणि नियमच ठाऊक नसलेल्या मुलाचे विस्कळीत वाक्य, दोन्हींखाली एकसारखी लाल रेघ येते. प्रमादाचे हे दोन प्रकार परीक्षकाला वेगळे करता येत नाहीत, तोवर त्याने दिलेला गुण क्षमतेविषयी फारसे बोलत नाही.

याच तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपले कार्य केले. त्यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक वर्गांपलीकडे गेले नव्हते. तथापि त्यांच्या ग्रामगीतेत जीवनशिक्षणाला स्वतंत्र अध्याय आहे आणि तो ग्रंथ आज विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे. जवळच्याच मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात लीळाचरित्राची निर्मिती झाली आणि तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा या प्राचीन ग्रंथपरंपरेचा अभिमानाने उल्लेख झाला. ज्या भूमीतील गद्यावर भाषेचे अभिजातत्व उभे आहे, त्या भूमीतील मुलाचे बोलणे तेवढे 'अशुद्ध' ठरावे, हा विरोधाभास केवळ भावनिक नाही. तो मूल्यमापनाच्या कसोटीतील त्रुटी दाखवितो.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा मुळीच नाही. प्रमाण मराठी ही उच्च शिक्षणाची, न्यायालयाची, वृत्तपत्राची भाषा आहे आणि तिच्यापासून ग्रामीण मुलाला दूर ठेवणे हा त्याच्यावरील दुसरा अन्याय ठरेल. प्रश्न नावाचा आहे. प्रमाणभाषेचे लेखन हे शिकण्याचे एक स्वतंत्र कौशल्य आहे. ते न येणे म्हणजे त्या कौशल्याचा अभाव, भाषेचा अभाव नव्हे. मराठी लेखनाच्या नियमांतही संवादात पात्राच्या तोंडी बोलीतील रूपे येऊ देण्यास मुभा आहे. कथालेखनात विद्यार्थ्याने निवेदन प्रमाणभाषेत आणि शेतकऱ्याचे बोलणे वऱ्हाडीत लिहिले, तर तो दोन रीती जाणतो व त्यांतील अंतरही जाणतो. हाइम्स यांच्या अर्थाने ही अधिक मोठी क्षमता आहे. तिला गुण मिळतात की ती कापली जाते, यावर परीक्षा कशाची आहे हे ठरते.

६. एक आक्षेप व त्याचा विचार

यावर गंभीर आक्षेप घेता येईल. तोंडी परीक्षा शाळेच्या हाती दिली की गुण सढळपणे वाटले जातात. २०१८-१९ मध्ये अंतर्गत गुण रद्द होण्यामागे हीच तक्रार होती. शिवाय ज्या मुलाला कोणाचा वशिला नाही, त्याला बाहेरून तपासली जाणारी, नाव न दाखविणारी लेखी उत्तरपत्रिकाच न्याय देते. क्षमता मोजता येत नाही असे म्हणत राहिलो तर शेवटी ओळखीपाळखीचे राज्य येईल.

हा आक्षेप बहुतांशी बरोबर आहे. निनावी लेखी परीक्षेने ग्रामीण व वंचित मुलांना दिलेले संरक्षण मोलाचे आहे आणि ते सोडण्याचे कारण नाही. परंतु आक्षेपातून निघते ते इतकेच की लेखी परीक्षा न्याय्य आहे. ती क्षमता पूर्णपणे दाखविते, असे त्यातून निघत नाही. न्याय्यता आणि यथार्थता ही दोन भिन्न मूल्ये आहेत. दुसरे असे की, जी तोंडी परीक्षा प्रत्यक्षात घेतलीच जात नाही, केवळ गुणतक्त्यात भरली जाते, ती तोंडी परीक्षेचा दोष सिद्ध करीत नाही. जे केलेच नाही त्याचे फळ वाईट आले, असे म्हणता येत नाही. २०१९ मध्ये ती रद्द झाली आणि त्याच वर्षानंतर परत आली. दोन्ही वेळी चर्चा निकालाच्या टक्केवारीची झाली. तोंडी परीक्षेत मुलाला काय विचारावे, याची क्वचितच झाली. २०२१ चा ९९.९५ टक्के निकाल हे याचे टोक होय. परीक्षाच झाली नाही त्या वर्षी सर्वाधिक मुले 'सक्षम' ठरली, आणि कोठाराची प्रतिमा त्या वर्षी आपोआपच कोसळली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, क्षमता ही मुलाच्या अंतरंगातील मोजण्याजोगी राशी नसून, अनेक प्रसंगी योग्य रीतीने पुढे जाता येणे म्हणजे क्षमता. गुण हा तिच्याविषयीच्या एका पुराव्याचा निर्देश आहे. दोन, लेखी परीक्षा न्याय्यतेसाठी व तोंडी परीक्षा यथार्थतेसाठी आवश्यक आहे. एकीने दुसरीचे काम करावे ही अपेक्षा चुकीची आहे. तीन, तोंडी परीक्षेला अर्थ यावयाचा तर ती मुलाच्याच लेखी उत्तरावर पुढचे प्रश्न विचारणारी असावी, विचारलेल्या प्रश्नांची थोडक्यात नोंद राहावी आणि उत्तर वऱ्हाडीत देण्यास मोकळीक असावी. चार, उत्तरपत्रिका तपासताना प्रमाणलेखनाची चूक आणि आशयाची किंवा रचनेची चूक यांची गणना वेगळी व्हावी. यासाठी नवा कायदा अथवा मोठा खर्च लागत नाही. परीक्षकांच्या सभेत घेतलेला एक निर्णय पुरेसा आहे.

शालान्त परीक्षेत मराठीत नापास झालेला विद्यार्थी घरी जाऊन ती बातमी मराठीतच सांगतो. आई-बापाला समजावतो, पुढे काय करावयाचे याचा विचारही मराठीतच करतो. या साध्या वस्तुस्थितीशी गुणपत्रिकेचा मेळ घालता आला, तरच 'क्षमताधिष्ठित मूल्यमापन' या शब्दाला काही अर्थ उरेल.